नुसत्या मटण-अंड्यांवर साखर आटोक्यात? मांसाहारी लो-कार्बबद्दल सविस्तर

मुक्ता_सांगली

नमस्कार मंडळी,

माझा मावसभाऊ टेक्सासात असतो. भात, पोळी, डाळी, फळं सगळं बंद करून तो बीफ, अंडी आणि लोणी एवढ्यावर राहतो. वजन उतरलं, एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) साडेआठवरून सहाच्या खाली आलं. दिवाळीत तो घरी आला, माझ्या दिरांनी त्याची सगळी कहाणी ऐकली आणि भाऊबीज झाल्या झाल्या भाकरी बंद केली. भावोजी मधुमेही, पन्नाशी उलटलेली, ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन अशा दोन गोळ्या चालू. सकाळी चार अंडी, दुपारी मटण, रात्री चिकन. डॉक्टरांना विचारलंय का म्हटलं, तर म्हणाले, "खाण्यात काय विचारायचं?"

मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. घरातच हे चाललेलं पाहून मूळ शोधनिबंध वाचायला घेतले. जे हाती लागलं ते इथे मांडते आहे, कारण आपल्याकडे घरोघरी हीच चर्चा चालू आहे आणि बहुतेक माहिती व्हिडिओंतून येते.

आधी जमेची बाजू. कर्बोदकं कमी केली की रक्तातली साखर उतरते, याबद्दल आता फारसा वाद राहिलेला नाही. २०२१ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. सहा महिन्यांनी लो-कार्ब गटातल्या ५७ टक्के लोकांचं एचबीएवनसी साडेसहाच्या खाली होतं, दुसऱ्या गटातल्या ३१ टक्क्यांचं. फरक मोठा आहे. पण बारा महिन्यांनी तो बराच ओसरला, कारण माणसं हळूहळू जुन्या जेवणाकडे वळतात. आणि त्या चाचण्यांमधलं लो-कार्ब म्हणजे नुसतं मांस नव्हे. त्यात पालेभाज्या, सुकामेवा, चीज, मासे सगळं होतं.

नुसत्या मांसावर माणूस जगतो का, हे मात्र खूप आधी तपासून झालंय. विल्यालमर स्टेफान्सन हा ध्रुवप्रदेशातला संशोधक तिथल्या इनुइट लोकांबरोबर अनेक वर्षं राहिलेला. मांसमच्छीवर माणूस ठणठणीत राहतो, असं तो सांगायचा आणि डॉक्टर ते मानायला तयार नव्हते. शेवटी १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात तो आणि त्याचा सहकारी कार्स्टन अँडरसन असे दोघं वर्षभर फक्त मांसावर राहिले. सुरुवातीचे काही आठवडे तर रुग्णालयातच, कोणी ना कोणी सतत नजर ठेवून. स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाअभावी होणारा रोग) झाला नाही, मूत्रपिंडं बिघडली नाहीत, रक्तदाब वाढला नाही. १९३०मध्ये निष्कर्ष छापून आले. (पैसा अमेरिकी मांसउद्योगाच्या संस्थेने पुरवला होता, हेही सांगायला हवं. म्हणून मोजमापं खोटी ठरत नाहीत, पण माणसं दोनच होती.)

या प्रयोगातली एक गोष्ट व्हिडिओवाले सांगत नाहीत. सुरुवातीला स्टेफान्सनला मुद्दाम चरबी काढलेलं, कोरडं मांस दिलं. दोन-तीन दिवसांत मळमळ, जुलाब, अंगात त्राण नाही. चरबीदार मांस दिल्यावर तो सावरला. त्यानंतर वर्षभर त्यांच्या आहारातल्या उष्मांकांपैकी साधारण तीन चतुर्थांश चरबीतून येत होते, प्रथिनांचा वाटा १५ ते २५ टक्के. शिवाय ते नुसता मांसल भाग खात नव्हते. कलेजी, मेंदू, गुर्दे, नळीतला मगज सगळं ताटात होतं.

आता हे सांगलीत आणून बघा. २००० उष्मांकांपैकी तीन चतुर्थांश चरबीतून घ्यायचे तर रोज १६५ ग्रॅमच्या आसपास चरबी पोटात जायला हवी. टेक्सासातल्या रिब-आय स्टेकमध्ये शंभर ग्रॅममागे वीसेक ग्रॅम चरबी असते, आपल्या बोकडात त्याच्या निम्मीही नाही. त्यातही आपण दुकानात उभं राहून "चरबी काढा, सीना-चाप द्या" म्हणतो आणि खाटीक ती पांढरी चरबी सुरीने उपसून बाजूच्या घमेल्यात टाकतो. चिकनच्या छातीच्या तुकड्यात तर चरबी जवळजवळ नाहीच. म्हणजे मावसभाऊ जे खातो ते आणि भावोजी जे खातात ते, दोन्हीला मांसाहार म्हटलं तरी शरीराच्या हिशेबात वेगळे आहार आहेत. भावोजींना दुपारी गळून गेल्यासारखं होतं ते यामुळे की गोळीमुळे साखर फार उतरते म्हणून, हे तपासल्याशिवाय कळणार नाही.

न कळलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. दहा-वीस वर्षं नुसतं मांस खाल्लेल्या हजारो माणसांचा पाठपुरावा कोणीही केलेला नाही. इनुइटांचा दाखला देतात, पण त्यांच्यात बहुसंख्य लोकांमध्ये सीपीटी१ए या जनुकाचं वेगळं रूप असतं आणि त्यामुळे त्यांच्या शरीरात कीटोन (कर्बोदकं नसताना चरबीपासून बनणारं इंधन) तुलनेने कमी बनतात. पूर्व आफ्रिकेतल्या मसाई या पशुपालक लोकांचाही दाखला देतात. त्यांचं कोलेस्टेरॉल खरोखर कमी असायचं. पण जॉर्ज मान यांनी १९७२ साली ५० मसाई पुरुषांच्या हृदयांचा अभ्यास छापला, त्यात रक्तवाहिन्यांच्या भिंतींत मेद साचलेला होताच. वयाबरोबर वाहिन्या रुंद होत गेल्याने त्या तुंबल्या नव्हत्या. रोज मैलोन्मैल गुरांमागे चालणाऱ्या माणसांचं शरीर आणि दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या माझ्या दिरांचं शरीर मला एका मापाने मोजता येत नाही.

तुमचे अनुभव सांगा. विशेषतः रिपोर्ट जवळ असतील तर आकडे द्या.

---

ह्यूस्टनचा_पाटील

मुक्ताताई, उत्तम धागा. मी स्वतः असाच आहार घेतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

मला सगळ्यात मोठा फरक जाणवला तो भुकेत. आधी दर तीन तासांनी हात डब्याकडे जायचा, तो जात नाही. रात्री झोपताना छातीत जळजळ व्हायची, ती गेली. इथे २०२१मध्ये हार्वर्डच्या मंडळींनी असा आहार घेणाऱ्या २०२९ लोकांची पाहणी छापली. बहुतेकांना बरं वाटत होतं, मधुमेहींच्या गोळ्या-इन्सुलिन बरंच कमी झालेलं. माणसं स्वतःहून माहिती देत होती आणि ज्यांना झेपलं नाही ती पाहणीत आलीच नसणार, हे मला मान्य आहे. पण इतक्या लोकांना फरक पडतो तर तो नुसता मनाचा खेळ म्हणून सोडून देऊ नये.

त्याच पाहणीत एलडीएलचा, म्हणजे वाईट म्हणतात त्या कोलेस्टेरॉलचा, मध्यांक १७२ होता. माझाही वाढलाय, दोनशेच्या वर गेलाय. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) मात्र एकदम खाली आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, उत्तम. माझ्या डॉक्टरीणबाईंनी हृदयाचं कॅल्शियम स्कॅन करून घेतलं, ते शून्य आलं. त्या तरीही समाधानी नाहीत, स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, घ्या म्हणतात. मी अजून विचार करतोय. इथे जाणकार असतील तर सांगा.

---

डॉ_कणाद

मी फिजिशियन आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. आधी मुक्ताताईंच्या दिरांबद्दल, कारण ते तातडीचं आहे.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यांच्या जोडीला कर्बोदकं एकदम बंद केली तर शरीरात कीटोन बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. याला कीटोअॅसिडोसिस म्हणतात, जीव जाऊ शकतो. फसवं असं की अशा वेळी रक्तातली साखर फार वाढलेली नसते. मीटरवर १८०-२०० दिसतं आणि घरचे म्हणतात, साखर तर बरी आहे, पित्त झालं असेल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५मध्येच याबद्दल इशारा दिलाय. दुसरी गोळी ग्लिमेपिराइड. ती जेवण काहीही असो, इन्सुलिन सोडायला लावतेच. भाकरी नाही आणि गोळी तीच, तर साखर पन्नास-साठवर येऊन माणूस घामाघूम होऊन पडतो. दुपारचं गळून जाणं मला तेच वाटतंय. त्या वेळी मीटरने साखर तपासा आणि उद्याच त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या. हा आहार करायचा असेल तर गोळ्या आधी बदलाव्या लागतात, मागाहून नव्हे. रक्तदाबाची गोळी असेल तर तीही बघावी लागते, कारण पहिल्या आठवड्यात शरीरातलं पाणी आणि मीठ बरंच निघून जातं.

पाटीलसाहेब, एलडीएलबद्दल. २०२५मध्ये तुमच्यासारख्याच, म्हणजे सडपातळ आणि कीटो (कर्बोदकं अगदी कमी, चरबी जास्त) आहारावर एलडीएल भरमसाट वाढलेल्या १०० जणांचा वर्षभराचा अभ्यास आला. हृदयाच्या वाहिन्यांमधला मऊ थर बऱ्याच जणांत वाढलेला दिसला. ज्याचं कोलेस्टेरॉल जास्त त्याचाच थर जास्त वाढला, असं मात्र दिसलं नाही, आणि त्यावरूनच दोन्ही बाजू भांडतायत. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे यातून कुणीच जिंकलं म्हणू नये. कॅल्शियम शून्य म्हणजे जुना, कडक झालेला थर नाही एवढंच. मऊ थर त्यात दिसत नाही. आपल्या लोकांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा लवकर गाठतो, चाळिशीतले रुग्ण मी नेहमी बघतो. एलडीएल दोनशेवर ठेवून वर्षानुवर्षं बसा, असं मी माझ्या एकाही रुग्णाला सांगणार नाही. तुमच्या डॉक्टरीणबाईंचं ऐका. आणि लोणी-चरबीचा काही भाग काढून मासे, शेंगदाणे, तेल असं करून बघा. साखर तेवढीच राहते आणि एलडीएल बऱ्याचदा उतरतो.

ज्यांचं क्रिएटिनिन आधीच वाढलंय, म्हणजे मूत्रपिंडं थकलीयत, ज्यांना गाउट (यूरिक अॅसिडमुळे सांधे सुजणं) आहे किंवा मुतखडे होतात, त्यांनी नुसत्या मांसाच्या वाटेला जाऊच नये.

---

अक्षता_जोग

आम्ही अंडंही न खाणारे. नवऱ्याची साखर काठावर आहे. मग आमच्यासाठी यात काहीच नाही का? पनीर किती दिवस खाणार!

---

मुक्ता_सांगली

डॉक्टर, मनापासून आभार. आज रात्रीच भावोजींशी बोलते.

अक्षता, तुमच्यासाठी तर भारतातलाच आधार आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) इंडियाब या मधुमेह पाहणीतल्या १८ हजारांहून अधिक लोकांच्या आहारावरून २०२२मध्ये गणित मांडलं होतं. नव्याने मधुमेह झालेल्यांना तो मागे फिरवायचा तर कर्बोदकं ४९ ते ५४ टक्के आणि प्रथिनं १९-२० टक्के, असं उत्तर आलं. आपल्या ताटात आज कर्बोदकं साठ टक्क्यांच्या वर असतात. म्हणजे शून्यावर जायची गरजच नाही. दोन पोळ्यांची एक करा, भाताची मूद अर्धी करा आणि त्या जागी घट्ट वरण, मोड आलेली मटकी, दही, पनीर, सोयाबीन, दाण्याची चटणी येऊ द्या. काठावरच्या साखरेला एवढा बदलही पुष्कळ असतो. आणखी एक: २०१७च्या ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या चाचणीत वजन उतरवणाऱ्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षअखेरीस मागे गेलेला होता आणि त्यात मांसाचा काही संबंध नव्हता. दिवसाला साडेआठशेच्या आसपास उष्मांकांची पेयं देऊन वजन उतरवलं होतं. वजन उतरणं हीच बहुतेकांच्या बाबतीत खरी किल्ली आहे.

---

सतीश_ना

तब्येतीचं झालं. पण हे आठ-दहा टक्के लोकांनी जरी केलं तरी मांस येणार कुठून, याचा विचार कुणी करतंय का?

जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी २०१८मध्ये ११९ देशांतल्या ३८ हजारांहून अधिक शेतांचा हिशेब मांडला. मांसासाठी पाळलेल्या गुरांचं शंभर ग्रॅम प्रथिन मिळवायला सरासरी ५० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. कोंबडीला साधारण सहा, अंड्यांना चार, वाटाण्याला अर्ध्याहूनही कमी. हा सगळा फरक बघता बीफवर जगणं मला पृथ्वीच्या दृष्टीने समर्थनीय वाटत नाही. पाटीलसाहेबांबद्दल वैयक्तिक काही नाही, हा माझा प्रामाणिक आक्षेप आहे.

---

माळरान

सतीशराव, आकडे बरोबर आहेत, पण जागतिक सरासरीत आमचं मेंढरू दिसत नाही. मी जत तालुक्यातला. घरात माडग्याळ मेंढ्या आणि थोड्या शेळ्या आजोबांपासून.

आमच्या भागात पाऊस जेमतेम. माळावर कुसळ, बाभळ, बोर याशिवाय काही उगवत नाही. ते माणसाला खाता येत नाही, मेंढराला येतं. त्यातून मांस, लोकर आणि लेंडी मिळते. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरती बिऱ्हाडं, कोकणाकडे, देशावरच्या बागायती गावांकडे निघतात. शेतकरी स्वतः बोलावून नेतात. रात्री वाघर ठोकायची, म्हणजे जाळीचं कुंपण, आणि त्यात मेंढरं बसवायची. सकाळी जागा बदलायची. आठ दिवसांत एकरभर रान लेंडी-मुताने खतावून निघतं. पूर्वी त्याबद्दल धान्य मिळायचं, आता पैसे मिळतात. ज्या रानात मेंढरं बसली त्या रानात पुढचं पीक कसं येतं, हे गावातल्या कुणालाही विचारा. या मांसाला मक्याचा एक दाणा लागलेला नाही.

पण खरं अवघड वेगळंच आहे. गायरानं राहिली नाहीत. काही अतिक्रमणात गेली, काही प्रकल्पांना दिली. वाटेने जाताना वनखात्याशी कटकट, रस्त्यावर गाड्यांची भीती. पोरं या धंद्यात यायला तयार नाहीत. मटणाला गिऱ्हाईक वाढतंय आणि चरायला रान कमी होतंय. मग बंदिस्त शेळीपालन, म्हणजे चारा विकत, मका विकत, आणि माळावरच्या जनावराचा जो फायदा होता तोच संपला.

एक साधा हिशेब करतो. २०२३-२४मध्ये देशात १ कोटी २ लाख टन मांस तयार झालं, त्यात निम्म्याच्या आसपास कोंबडी. माणशी वाटलं तर वर्षाला सात किलो, दिवसाला वीस ग्रॅम. त्यातलंही म्हशीचं बरंच परदेशी जातं. मुक्ताताईंच्या दिरांसारखा माणूस रोज अर्धा किलो खायला लागला तर वर्षाला एकशे ऐंशी किलो. एका माणसाने पंचवीस माणसांचा वाटा खाल्ला. आमच्या माळाला हे पुरं पडणारं नाही. पुरं पडेल ती फक्त शेडमधली ब्रॉयलर, सहा आठवड्यांत मका आणि सोयापेंडीवर वाढवलेली. तेव्हा धान्य सोडलं असं म्हणणाऱ्याने धान्य सोडलेलं नसतं, ते कोंबडीतून फिरून त्याच्याकडे आलेलं असतं.

---

सतीश_ना

माळरान, प्रतिसाद फार आवडला. मेंढरं बसवण्याचा हा भाग मला नव्याने कळला. हवा तापवणारा मिथेन वायू मात्र चरणाऱ्या जनावराच्या पोटातही तयार होतो, उलट सुक्या चाऱ्यावर थोडा जास्तच. तरी पडीक रानावर चरणारी मर्यादित जनावरं आणि मका खाऊन वाढलेली जनावरं यांना एका तागडीत तोलू नये, हे मान्य.

कोंबडीबद्दल अजून एक चिंता प्रतिजैविकांची. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटच्या टप्प्यावर राखून ठेवलेलं औषध खाद्यातून दिलं जायचं, २०१९मध्ये सरकारने त्यावर बंदी आणली. बंदी आली हे चांगलं झालं. पण आपण कुठून कोंबडी घेतो हे विचारायची सवय गिऱ्हाइकाला लागायला हवी.

---

रेहाना_मिरज

मुद्दा राहून जातोय म्हणून लिहिते. मटण आठशे रुपये किलो झालंय. अर्धा किलो रोज म्हणजे एका माणसाचे महिन्याला बारा हजार. आमच्या मोहल्ल्यात मधुमेह घरटी आहे आणि तेवढा तर काहींचा पगार असतो. २०१५च्या कायद्याने बैलाचं मांस बंद झालं, म्हशीचं मिळतं पण तेही पूर्वीसारखं स्वस्त राहिलं नाही. गरिबाला प्रथिन कमी आणि भात-पाव जास्त, ही खरी अडचण आहे. मला कोणी शून्य कर्बोदकं शिकवू नका. स्वस्तात प्रथिन कसं वाढवायचं ते सांगा. आमच्याकडे अंडी, वजरी, कलेजी, चण्याची डाळ घालून केलेला खिमा, हे चालतं. डॉक्टरसाहेब, कलेजी रोज चालेल का?

---

डॉ_कणाद

रेहानाताई, मुद्दा अगदी रास्त आहे. अंडं हे आज सगळ्यात परवडणारं चांगलं प्रथिन. खिम्यात चणाडाळ ही तर उत्तम युक्ती, मांस निम्मं लागतं आणि तंतूही मिळतात. कलेजी आठवड्यातून एकदा पुरे. लोह आणि बी-१२ भरपूर मिळतं, पण अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज खाल्लं तर साठत जातं. गरोदर बायकांनी तर टाळावीच. यूरिक अॅसिड वाढलेल्यांनीही.

आणि सॉसेज, सलामी, नगेट्स यांना मांसाहारात धरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे आतड्याच्या कर्करोगाशी त्याचा संबंध पुरेसा सिद्ध आहे. साधं लाल मांस त्याखालच्या गटात आहे, तिथे पुरावा तेवढा पक्का नाही.

---

सुमन_मालवण

एवढा मोठा धागा आणि माशांचं नाव कुणी नीट घेतलं नाही! बांगडा आणि तारली घ्या. चरबी आहे, ती पण हृदयाला चांगली, आणि पापलेट-सुरमईच्या मानाने स्वस्त. तव्यावर थोड्या तेलात, रवा न लावता, नुसतं आगळ (कोकमाचा आंबट रस)-मिरची-हळद लावून. सोबत तिरफळं घातलेली कढी पातळ आमटीसारखी, भाताशिवाय.

फक्त जून-जुलैत मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठी, तेव्हा ताज्या माशाचा हट्ट धरू नका. आणि बोटाएवढी पिल्लं कोणी विकत असेल तर घेऊ नका. राज्याने २०२३मध्ये ५४ जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवून दिलंय. गिऱ्हाइकाने घेतलं नाही तर जाळ्यात येणंही कमी होईल.

---

मुक्ता_सांगली

सगळ्यांचे आभार. भावोजींना डॉक्टरांकडे नेलं. दुपारी साखर खरंच खूप उतरत होती. ग्लिमेपिराइड कमी केली, डापाग्लिफ्लोझिन तूर्त थांबवली आहे. डॉक्टर म्हणाले, अर्धी ज्वारीची भाकरी दोन्ही वेळा राहू द्या, बाकी अंडी, मासे, आठवड्यातून एकदा मटण आणि रोज मेथी, शेपू, दोडका, काहीही. भावोजी आधी नाराज झाले, पण अर्धी भाकरी परत मिळाल्यावर जेवताना बोलायला लागलेत. तीन महिन्यांनी एचबीएवनसी आणि लिपिड दोन्ही करणार आहोत.

डॉक्टर, एक विचारायचं होतं. मावसभावाने लघवीतल्या कीटोनच्या पट्ट्या पाठवल्यात. त्या घरी ठेवल्या तर चालेल ना, काळजी मिटेल?

---

डॉ_कणाद

ठेवा, पण त्यांच्यावर विसंबू नका. पट्टीवर कीटोनचा एकच प्रकार उमटतो. आजार गंभीर होतो तेव्हा रक्तात दुसरा प्रकार जास्त असतो आणि पट्टी त्याला पकडत नाही. त्यामुळे पट्टी फिकट दिसली म्हणून निर्धास्त राहता येत नाही. रक्तातला कीटोन मोजणारं मीटर मिळतं, ते जास्त भरवशाचं. ती गोळी आत्ता थांबवलीये, पण पुढे कधी पुन्हा सुरू झाली आणि त्याच वेळी जेवण कमी असेल, ताप-जुलाब असतील, तर उलट्या, पोटदुखी, धाप, ग्लानी यांकडे लक्ष ठेवा. यातलं काही दिसलं तर मीटरवर साखर कितीही बरी दिसो, सरळ रुग्णालयात न्या आणि कोणती गोळी चालू आहे ते तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.